खिडकीतला फड्या निवडुंग

या खेपेस टपालात उरल्याहून एका भगिनीचे पत्र आले. उरला हे रायपूर शहराच्या उत्तरेस असलेले कारखान्यांचे गाव. लोखंडाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिली तेथे रात्रंदिवस चालू असतात. भंडारा, गोंदिया, नागपूर या भागांतून पोटापाण्यासाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबे त्या परिसरात राहतात. तशी ही ओढ नवी नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी छत्तीसगडात अंमल बसविला, तेव्हापासून मराठी माणसाचे पाऊल त्या वाटेवर आहे.

भगिनी लिहितात : "आमचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे, वरच्या मजल्यावर. तुळस दोनदा लावली, दोनदा वाळली. मोगऱ्याने कळ्या धरल्या आणि गाळून टाकल्या. पानांवर रोज काळी काजळी बसते. टिकला तो एकटा निवडुंग. माहेरच्या शेताच्या बांधावरची एक फडी वडिलांनी तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने खुडून दिली होती. वडील आता नाहीत आणि शेतही विकले गेले. या पावसाळ्यात निवडुंग बुडाशी मऊ पडला आहे. सासूबाई म्हणतात, काट्याचे झाड मुळात घरात नकोच होते, आता टाकून द्यावे. काय करू ते लवकर कळवावे."

वाचकहो, निवडुंगाची जोपासना हे शब्द ऐकून आपणांपैकी पुष्कळांना हसू येईल. जे झाड माळावर कोणी न लावता वाढते, त्याला मनुष्याने आणखी काय द्यावयाचे? परंतु खरी गोम येथेच आहे. माळावरचा निवडुंग क्वचितच मरतो, आणि घरातला मरतो तो बहुधा आपल्या प्रेमाने मरतो. गेल्या आठवड्यात रायपुरास जाण्याचा योग आला, तेव्हा पत्रातील पत्ता शोधीत मी उरल्यास गेलो आणि ते झाड प्रत्यक्ष पाहिले. तेथे जे दिसले आणि जे केले, ते इतरांसही उपयोगी पडेल म्हणून या पानात सविस्तर देत आहे.

प्रथम झाडाची ओळख पटली पाहिजे. निवडुंग या एकाच नावाखाली आपण दोन अगदी निराळी कुळे गोळा केली आहेत. त्रिधारी निवडुंग आणि शेर ही एका कुळातील झाडे. त्यांना जखम होताच पांढरा चीक वाहतो. हा चीक कातडीस झोंबतो आणि डोळ्यांत गेल्यास फार अपाय करतो. फड्या निवडुंग, ज्याला छत्तीसगडात नागफनी म्हणतात, तो दुसऱ्या कुळातला. त्याची फडी कापली तर चीक येत नाही, पाण्यासारखा बुळबुळीत रस येतो. घरात एखादे काटेरी झाड आणण्यापूर्वी एवढी परीक्षा अवश्य करावी.

फड्या निवडुंगाच्या ज्या चपट्या भागाला आपण पान समजतो, ते पान नसून खोड होय. खरी पाने कोवळ्या फडीवर इवल्या कोंबांसारखी दिसतात आणि काही दिवसांत गळून पडतात. मोठे काटे हे पानांचेच बदललेले रूप आहे. पाने नाहीत म्हणून पाणी उडून जाण्यास वाट नाही, आणि जाड खोडात तर पाण्याचा साठाच आहे. शिवाय इतर झाडे दिवसा आपली सूक्ष्म रंध्रे उघडतात, हे झाड ती मुख्यतः रात्री उघडते. उन्हाच्या वेळी दार लावून बसणाऱ्या शहाण्या गृहिणीसारखी त्याची रीत आहे. रात्री हवेतील कर्बवायू आत घेऊन ठेवावयाचा आणि दिवसा दार बंद ठेवून, सूर्यप्रकाशाच्या बळावर त्याचे अन्न करावयाचे, असा त्याचा क्रम असतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढील सर्व नियम आपोआप उलगडतात.

हे झाड आपल्या इतके परिचयाचे असले तरी मूळचे आपले नव्हे. त्याचे माहेर अमेरिका खंड. मेक्सिको देशाच्या राजचिन्हात गरुड बसलेला आहे तो याच झाडावर. तेथे कोवळ्या फड्यांची भाजी करतात आणि फळे आवडीने खातात. आपल्या देशात याचा संबंध एका किड्याशी आला. या झाडावर पोसणाऱ्या एका जातीच्या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो, आणि त्या काळी या रंगाला मोठा भाव होता. १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाच्या एका गृहस्थाने ब्राझीलहून असे किडे कलकत्त्यास आणले. पण ते रंगाचे उत्तम किडे नव्हते, त्यांचे दुसरेच भाऊबंद होते. रंगाचा धंदा काही साधला नाही, उलट त्या किड्यांनी उत्तर व मध्य भारतातील एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. पुढे दुसऱ्या जातीच्या निवडुंगाने दक्षिणेत शेते व कुरणे व्यापली, तेव्हा १९२६ साली सिलोनमार्गे आणखी एक किडा मुद्दाम आणण्यात आला आणि त्याने ते रान मोकळे केले. आपल्याकडे दुष्काळात फडीचे काटे जाळून ती जनावरांस घालीत. शत्रू, कुंपण आणि चारा, अशी तिन्ही नाती या झाडाने आपल्याशी जोडली आहेत. खिडकीतला सोबती हे चौथे नाते त्या मानाने अलीकडचे.

आता उरल्याच्या त्या खिडकीकडे येऊ. झाड एका रंगाच्या रिकाम्या डब्यात लावले होते. डब्याला तळाशी भोक नव्हते. डब्यातली माती काळी, चिकट, बोट रुतेल इतकी ओली होती. आणि डबा ठेवला होता तो नेमका पन्हळीच्या धारेखाली. ही माती कोठली, असे मी विचारले. भगिनी म्हणाल्या, "वडिलांनी फडीबरोबर शेतातली पिशवीभर माती बांधून दिली होती. दुसरी कशी घालणार?"

यावर काय बोलावे हे मला क्षणभर सुचले नाही. ती माती कन्हार होती. भंडाऱ्याकडे आणि छत्तीसगडात, दोन्हीकडे काळ्या जड जमिनीला हेच नाव आहे. गव्हाहरभऱ्याला ती सोने आहे, कारण ती पाणी धरून ठेवते. आणि निवडुंगाला ती घातक आहे, तीही याच कारणाने. त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. चिखलात हवा कोंडली की मुळे गुदमरून कुजतात आणि ती कूज बुडातून वर चढते. वडिलांच्या शेतातही ही फडी कन्हारात नव्हतीच. ती बांधावर, मुरमाड उंचवट्यावर होती, जेथून पाणी वाहून जाई. छत्तीसगडातील शेतकरी आपल्या जमिनीचे चार प्रकार सांगतो : भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. यांपैकी भाताला नको असलेली उंचावरची तांबडी, खडेवजा भाठा जमीनच या झाडाला मानवते.

बुडाची फडी तपकिरी होऊन तिला वास येऊ लागला होता. तिच्यावरची दुसरीही गेली होती. तिसरी, सर्वांत वरची, मात्र हिरवी व टणक होती. अशा वेळी कुजलेल्या भागावर औषध शोधीत बसू नये. निरोगी भाग तोडून वेगळा करणे हाच उपाय. धारदार सुरी स्पिरिटने पुसून घ्यावी. निरोगी फडी जेथे खालच्या फडीस जोडलेली असते त्या सांध्यावर कापावे. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली, तर सुरी पुन्हा पुसून किंचित वर कापावे. आतला गर सर्वत्र स्वच्छ, फिकट हिरवा दिसेपर्यंत थांबू नये. घरात गंधकाची भुकटी असल्यास चिमूटभर कापावर लावावी, नसल्यास अडत नाही.

फडी धरावयाची कशी, हा प्रश्न होता. मी हातमोजे आणले नव्हते. तोवर दारात उभ्या राहून सारे पाहणाऱ्या सासूबाई पुढे आल्या. त्यांनी जुन्या वर्तमानपत्राची चार पदरी पट्टी केली, फडीभोवती कमरपट्ट्यासारखी फिरवून तिची दोन टोके चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "कुंपणाची फडी आम्ही अशीच धरायचो. कापा आता." यापेक्षा चांगली युक्ती कोणत्याही पुस्तकात नाही.

कापलेली फडी लगेच मातीत लावणे ही सर्वांत मोठी चूक होय. ओल्या जखमेतून कूज पुन्हा शिरते. ती सावलीत, वाऱ्यावर, उभी टेकवून ठेवावी. उन्हाळ्यात सात-आठ दिवसांत जखमेवर कोरडी, टणक खपली धरते. पावसाळ्यात दमट हवेमुळे पंधरा दिवस किंवा अधिकही लागतात. उशीर झाल्याने फडीचे काही बिघडत नाही, तिच्या पोटात पाणी आहे. थोडी सुरकुतली तरी घाबरू नये.

कुंडी मातीची, न रंगविलेली घ्यावी. तिच्या अंगातूनही ओल निघून जाते. फडीच्या रुंदीपेक्षा दोन-तीन बोटेच मोठी असावी, कारण मोठ्या कुंडीत माती फार दिवस ओली राहते. तळाला भोक हवेच. त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. मिश्रणासाठी एक भाग मुरूम किंवा विटांचा बारीक चुरा, एक भाग नदीची जाड रेती आणि एक भाग साधी माती व चांगले कुजलेले शेणखत मिळून घ्यावे. हे मिश्रण ओले करून मुठीत दाबले आणि मूठ उघडताच ते विस्कटले, तर जमले असे समजावे. गोळा तसाच राहिला तर आणखी रेती घालावी. फडीचा तिसरा हिस्सा मातीत जाईल अशी ती उभी लावावी, कलत असल्यास दोन दगडांचा आधार द्यावा, आणि पहिला आठवडा पाणी मुळीच घालू नये. पुढे अगदी बेताने घालावे. तीन-चार आठवड्यांनी फडीला हळूच हलवून पाहावे. ती मातीला धरून राहिली तर मुळे फुटली.

त्या कन्हार मातीचे काय करावे, असे भगिनींनी हळूच विचारले. मूठभर माती वाळवून, चाळून मिश्रणात अवश्य घालावी, असे मी सांगितले. मूठभराने निवडुंगाचे काही बिघडत नाही. उरलेली माती तुळशीच्या कुंडीत शेणखत व रेती मिसळून घालावी. तेथे तिचे चीज होईल.

उजेडाविषयी एकच नियम आहे : जितके ऊन देता येईल तितके द्यावे. दिवसातून पाच-सहा तास सरळ ऊन मिळणारी पूर्वेची किंवा दक्षिणेची खिडकी उत्तम. अंधाऱ्या खोलीत शोभेसाठी ठेवलेला निवडुंग मरत नाही, पण त्याच्या नव्या फड्या फिकट, अरुंद आणि लांबट निघतात. ते वाढ नव्हे, उजेडाकडे चाललेली धडपड होय. मात्र महिनोन्महिने सावलीत असलेले झाड मे महिन्यात एकदम उन्हात काढू नये. रायपूरकडे त्या दिवसांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. सवय नसलेल्या फडीवर भाजल्यासारखे पांढरट चट्टे पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. आठ-दहा दिवसांत थोडे थोडे ऊन वाढवीत न्यावे.

पाण्याचे वेळापत्रक दिनदर्शिकेवरून नव्हे, मातीवरून ठरवावे. लाकडाची बारीक काडी कुंडीत खोल खुपसून काढावी. तिला ओली माती चिकटली तर पाणी नको. सामान्यतः उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी भरपूर पाणी द्यावे आणि बशीत उतरलेले पाणी ओतून टाकावे. हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. पावसाळा हा खरा कसोटीचा काळ. त्या भागातील वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मृगाचे ढग दिसताच कुंडी वळचणीच्या आत घ्यावी आणि आश्विनापर्यंत जवळजवळ पाणी देऊच नये. उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतात. त्याच्या ठिबकणाऱ्या पाण्याखाली कुंडी येत नाही ना, हेही पाहावे. बाहेर लू वाहत असताना झाड ओलीने कुजावे, असे चमत्कारिक प्रकार याच कारणाने घडतात.

आता काजळीविषयी. उरल्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न गंभीर आहे. फडीवर बोट फिरविले तर बोट काळे होते. ही काजळी दुहेरी अपाय करते. दिवसा ती प्रकाश अडविते, आणि रात्री रंध्रे उघडण्याच्या वेळी त्यांच्या तोंडावर बसून राहते. पंधरा दिवसांतून एकदा, कोरड्या दिवसांत सकाळच्या वेळी, कुंडीच्या मातीवर प्लॅस्टिकचा कागद पसरावा, कुंडी किंचित कलती धरावी आणि स्वच्छ पाण्याच्या फवाऱ्याने फड्या धुवाव्या. मऊ कुंचल्याने वरून खाली हलके झाडावे. काळे पाणी मातीत जाऊ देऊ नये. संध्याकाळी हे काम करू नये, कारण ओल रात्रभर अंगावर राहते.

आणि येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खिडकीतला निवडुंग घरातील हवा शुद्ध करील, अशी आशा कोणी धरू नये. एका कुंडीचे ते सामर्थ्य नव्हे. पण तो हवेची साक्ष मात्र देतो. आज धुतलेली फडी किती दिवसांत काळी होते, ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिपून ठेवावे. जी काजळी फडीवर बसते तीच मुलांच्या श्वासात जाते. चार घरांनी अशा नोंदी ठेवल्या आणि त्या जोडून पर्यावरण खात्याच्या कार्यालयाकडे सह्यांचा अर्ज दिला, तर नुसत्या कुरकुरीपेक्षा त्याला वजन येते. तुळस दोनदा वाळली यात आपल्या हाताचा दोष नसेलही, हेही त्या नोंदींवरून कळेल.

किडींपैकी पिठ्या ढेकूण हा नेहमीचा. काट्यांच्या बुडाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की स्पिरिटात भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने ते टिपून काढावे आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. तो पुंजका चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर समजावे की वर सांगितलेल्या किरमिजी किड्यांचा वंशज आपल्या खिडकीत उतरला आहे. मुलांना बोलावून हा इतिहास अवश्य दाखवावा, आणि मग बोळा फिरवावा.

मुलांवरून काट्यांकडे वळू. मोठा काटा दिसतो, म्हणून त्याचे भय कमी. खरा त्रास त्याच्या बुडाशी असलेल्या केसांएवढ्या बारीक कुसळांचा. ती नुसत्या स्पर्शाने शेकड्यांनी बोटात शिरतात आणि दिसतही नाहीत. रोपवाटिकेत मोठे काटे नसलेली, पिवळ्या मखमली ठिपक्यांची एक लहान जात मिळते. ती मऊ समजून मुलांच्या हाती देऊ नये. कुसळांच्या बाबतीत ती साऱ्यांत वाईट. कुसळे टोचल्यास हात चोळू नये, तोंडातही घालू नये. दिसतील तेवढी चिमट्याने काढावी, उरलेल्यांवर चिकटपट्टी दाबून ती झटक्यात ओढावी. डोळ्याला लागल्यास घरी काही न करता थेट डॉक्टरांकडे जावे.

म्हणूनच सासूबाईंचे म्हणणे मला सर्वस्वी चुकीचे वाटले नाही. काट्याचे झाड घरात कलह आणते, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. पण रांगत्या मुलाच्या वाटेवर काटे असू नयेत, हा त्यामागचा व्यवहार खरा आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे मन मोडून झाड ठेवण्यात अर्थ नाही आणि समजुतीखातर एक आठवण उकिरड्यावर टाकण्यातही नाही. कुंडी खिडकीच्या गजांबाहेर, लोखंडी चौकटीत पक्की बसवावी, असे ठरले. घरात काटा नाही आणि झाडाला ऊन पुरेपूर, असे दोन्ही साधले.

शेवटची सूचना सर्वांसाठी. छाटलेल्या फड्या नाल्यात, माळावर किंवा शेताच्या कडेला फेकू नयेत. प्रत्येक तुकडा मूळ धरू शकतो. ऑस्ट्रेलियात हौसेने आणि कुंपणासाठी नेलेल्या या झाडाने १९२५ च्या सुमारास सुमारे सहा कोटी एकर जमीन व्यापली होती. अखेर अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी ते संकट निवारले, आणि कृतज्ञ शेतकऱ्यांनी क्वीन्सलँडमधील बूनार्गा येथे त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधले. नको असलेली फडी तुकडे करून उन्हात पूर्ण वाळवावी आणि मगच टाकावी.

मी निघालो तेव्हा ती एकुलती हिरवी फडी स्वयंपाकघराच्या फळीवर, वर्तमानपत्राच्या पट्टीसह, भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिला मूळ फुटेल की नाही, हे आणखी महिना-दीड महिन्याने कळेल. वाचविता येईल तेवढे वाचविले आहे, पुढचे काम कोरड्या हवेचे आणि धीराचे. निघताना सासूबाईंनी एवढेच विचारले, "पंधरा दिवस म्हणजे कोणत्या तिथीपर्यंत?" आणि उत्तर ऐकून त्यांनी दिनदर्शिकेवर स्वतः खूण केली.

आपल्याही घरी निवडुंग असेल, तर हे पान वाचून होताच उठावे, कुंडीचा तळ पाहावा, आणि तेथे भोक नसेल तर आजच दुसरी कुंडी आणावी.